खोकल्याची बाटली: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरली की इंदुरात खोकल्याचे दिवस सुरू होतात. पहाटेचा गारवा, फटाक्यांचा रेंगाळलेला धूर, त्यातच लग्नसराई. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या खोकल्याच्या पातळ औषधाबद्दल आहेत, म्हणून हे सदर यावेळी त्याच एका विषयाला दिलं आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

सासरे ७४ वर्षांचे आहेत. कोरड्या खोकल्याला डॉक्टरांनी कोडीनचं सिरप दिलं, एक चमचा दिवसातून तीनदा, पाच दिवस. १०० मिलीची बाटली चौथ्या दिवशीच संपली. सासरे दुपारपर्यंत पेंगतात, उठले की तोल जातो, लघवीलाही जोर करावा लागतो. झोपेची अर्धी गोळी ते बरीच वर्षं घेतात. शिवाय सर्दीसाठी आम्ही एक गोळी देतो. दुसरी बाटली आणावी का?
*सुदामानगर, इंदूर*

दुसरी बाटली आणू नका. पुढची मात्राही देऊ नका आणि आजच डॉक्टरांना फोन करा, उद्यावर ढकलू नका. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही. ती वर्षानुवर्षं चालू असेल तर अचानक थांबवण्याचे धोके वेगळे असतात. तिचं काय करायचं ते डॉक्टरच सांगतील.

आता बाटलीचा हिशोब बघा. डॉक्टरांच्या चिठ्ठीतला एक चमचा म्हणजे ५ मिली. तीन वेळा म्हणजे दिवसाला १५ आणि पाच दिवसांत ७५. बाटलीत २५ मिली शिल्लक राहायला हवं होतं. चार दिवसांत बाटली रिकामी झाली, म्हणजे दिवसाला २५ मिली गेलं, दर वेळी आठ मिलीहून थोडं जास्त. घरातल्या चमच्यांचं असंच असतं. चहाचा, पोह्यांचा, वाढण्याचा, प्रत्येकाचं पोट वेगळं. पोह्यांच्या मोठ्या चमच्यात १० मिलीसुद्धा मावू शकतं, आणि काठोकाठ भरून वर थोडा उंचवटा आला तर त्याहून जास्त.

कोडीनच्या सिरपमध्ये साधारणपणे ५ मिलीत १० मिलिग्रॅम कोडीन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन, म्हणजे सर्दीवरचं गुंगी आणणारं औषध, असतं. तुमच्या बाटलीवरही हे आकडे छापलेले असतील, ताडून बघा. म्हणजे सासऱ्यांना दिवसाला १२ मिलिग्रॅमच्या ऐवजी २० मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन मिळालं. त्यावर सर्दीची गोळी. बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामाइनच असतं, बहुधा २ मिलिग्रॅम. नाव वेगळं, रंग वेगळा, औषध तेच, आणि घरच्यांना वाटतं आपण दोन वेगळी औषधं देतोय. हे औषध शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच तरुण माणसात जवळपास वीस तास लागतात. त्यामुळे आदल्या दिवशीचं पुरतं उतरायच्या आत दुसऱ्या दिवशीचं त्यावर चढतं. सकाळची पेंग आणि तोल जाणं इथून येतं. लघवीचंही कारण हेच. क्लोरफेनिरामाइन मूत्राशयाच्या स्नायूंचा जोर कमी करतं. सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी बऱ्याचदा वाढलेली असते. आधीच अरुंद झालेली वाट आणि त्यात मागचा रेटा कमी. सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट दुखून ताठलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. नळी घालून लघवी काढावी लागते. काचबिंदूचा एक प्रकारही या औषधाने बळावतो, तेव्हा डोळ्यांचे थेंब चालू असतील तर तेही सांगा.

सर्वात काळजीची गोष्ट कोडीन आणि झोपेची गोळी एकत्र येण्याची आहे. कोडीन अफूच्या कुळातलं. ते मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्राला शांत करतं, पण शेजारच्या श्वासाच्या केंद्रालाही मंद करतं. झोपेची गोळी तेच करते. दारूही तेच करते. यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी एकत्र आल्या की झोपेत श्वास उथळ होत जातो आणि शेजारी झोपलेल्याला वाटतं, आज छान गाढ झोप लागली आहे. हाका मारून, खांदा हलवून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला असेल, मध्येच घोरण्यासारखा घर्र आवाज करून थांबत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर १०८ला फोन करा, रुग्णाला कुशीवर वळवा आणि बाटली सोबत घ्या. दवाखान्यात यावर उतारा असतो, पण तो वेळेत मिळायला हवा.

पुढे कधी असं औषध द्यायची वेळ आली तर बाटलीसोबत येणाऱ्या झाकणाने किंवा मापी पेल्यानेच द्या. पेला हातात धरून वरून बघितलं की माप चुकतं. तो ओट्यावर सपाट ठेवा, खाली वाका आणि रेघ डोळ्यांच्या समोर आणून बघा. ५ मिलीच्या खालची मापं, उदाहरणार्थ अडीच मिली, झाकणात नीट कळत नाहीत. त्यासाठी मेडिकलवर बिनसुईची मापी पिचकारी मिळते. एक काम आणखी करा. बाटलीवर उभी कागदाची पट्टी चिकटवा, पहिल्या दिवशी पातळीशी रेघ मारा, मग रोज रात्री एक. १०० मिलीची बाटली, रोज १५ मिली, म्हणजे तिसऱ्या रात्री ५५ मिली राहायला हवं, निम्म्याहून किंचित जास्त. त्याच्या खाली गेलं तर कोणीतरी जास्त ओततंय किंवा दोघं जण आपापल्या वेळी देताहेत. सून सकाळी देते, सासूबाई विसरलं असेल म्हणून पुन्हा देतात, हे एकत्र कुटुंबात नेहमीचं आहे. औषध देणारा हात एकच ठेवा. एखादी वेळ चुकली तर ती सोडून द्या, पुढच्या वेळी दुप्पट द्यायचं नाही.

या औषधाने पोटही बांधून येतं. पाणी, फळं आणि लागलंच तर इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू करावं. पाचव्या दिवशी कुंथत बसण्यापेक्षा ते बरं.

नात तीन वर्षांची आहे. रात्री ढास लागते. सुनेला दिलेलं खोकल्याचं औषध घरात उरलं आहे. निम्मं दिलं तर चालेल का? छिंदवाड्याच्या बातम्यांनंतर नवीन बाटली आणायची भीती वाटते.
*लोकमान्यनगर, इंदूर*

निम्मं नाही, पाव नाही, थेंबही नाही. मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. मोठ्यांचं औषध वजनाच्या हिशोबाने भागून मुलांना देता येत नाही.

उरलेल्या बाटलीत कोडीन असेल तर धोका उघड आहे. कोडीन शरीरात गेल्यावर यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतं. काही माणसांत हे विकर जन्मतःच फार जोरात काम करतं. अशा मुलाला नेहमीची मात्रासुद्धा विषासारखी होते, आणि कोणाचं शरीर तसं आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून युरोपने २०१५मध्ये खोकल्यासाठी कोडीन १२ वर्षांखालील मुलांना बंद केलं आणि अमेरिकेने २०१८मध्ये ही मर्यादा १८ वर्षांपर्यंत नेली. अंगावर पाजणाऱ्या आईनेही ते घेऊ नये, दुधातून बाळापर्यंत मॉर्फिन पोचतं. सुनेला दिलेलं औषध कोडीनचं असेल आणि ती अजून पाजत असेल तर हे आधी तपासा.

कोडीन नसलं तरी उत्तर बदलत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना सांगितलं, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत. त्याआधी, डिसेंबर २०२३मध्ये, क्लोरफेनिरामाइन आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापणं सक्तीचं झालं. कारण साधं आहे. या वयातला बहुतेक खोकला विषाणूंमुळे येतो आणि आपोआप जातो. औषधाने तो फारसा लवकर जात नाही, त्रास मात्र होऊ शकतो.

आता छिंदवाड्याबद्दल, कारण भीती खरी आहे. तिथे २०२५मध्ये खोकल्याचं सिरप घेतलेली मुलं दगावली आणि त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्याचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. सिरपमध्ये औषध विरघळवायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातलं रसायन, दिसायला तसंच आणि चवीला गोडसर. कच्चा माल आला की प्रत्येक पिंप तपासायचं असतं. ते न तपासता वापरलं की हे घडतं. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे रुग्ण दगावले होते, ते याच विषाने. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच घडावं, याचा राग यायलाच हवा.

हे विष मूत्रपिंडं बंद पाडतं. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत थांबते आणि मूल सुस्त होतं. घरी बाटली हुंगून, चाखून, रंग बघून काहीही कळत नाही. तो प्रयत्नच करू नका. ग्राहकाच्या हातात जे आहे ते एवढंच: पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक आहे का आणि तो बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा आणि मूल पूर्ण बरं होईपर्यंत बाटली फेकू नका. सिरप दिल्यावर मुलाने सहा-आठ तास लघवी केली नाही तर बाटली घेऊनच दवाखान्यात जा.

नातीसाठी आज रात्री: कोमट पाणी, नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब आणि झोपण्यापूर्वी अर्धा ते एक छोटा चमचा मध. मध एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलालाच द्यायचा. तान्ह्या बाळाला मधातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते, तेव्हा घुटीतही नको. आणि एक मोजणी शिकून घ्या. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना त्याचं पोट वर-खाली होताना बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षात ५० किंवा जास्त, दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त भरले तर तो नुसता खोकला नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पाणीही घेत नसेल तर रात्रीच जायचं.

सिरप घेतल्यावर लगेच पाणी प्यावं की नाही?
*महू*

औषध पाण्याने वाया जात नाही. ते पोटातून रक्तात जाऊन काम करतं. सिरपच्या दाटपणामुळे घशाला जो आराम वाटतो तो टिकावा म्हणून पाच-दहा मिनिटं थांबायचं, एवढंच. मधुमेह असेल तर बिनसाखरेचं मागा, कारण साध्या सिरपचा पाया साखरेचाच असतो.

दवाबाजारातल्या दुकानदाराने खोकल्याच्या औषधासाठी डॉक्टरांची पर्ची मागितली, वहीत नाव लिहिलं. मागच्या वर्षीची पर्ची दाखवली तर नाही म्हणाला. आमच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं.
*रामबाग, इंदूर*

तो दुकानदार नियमाने वागला, आणि असाच दुकानदार धरून ठेवावा. कोडीन हे औषधांच्या एच-१ यादीत आहे. ही यादी मार्च २०१४पासून लागू झाली. तिच्यातलं औषध देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. पर्चीवर पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं नसेल तर ती एकदाच चालते. मागच्या वर्षीचा खोकला वेगळा होता. आजचा वेगळा असू शकतो.

लेबलकडेही बघायची सवय लावा. डाव्या बाजूची लाल रेघ म्हणजे डॉक्टरांशिवाय घ्यायचं नाही. लाल चौकटीतली सूचना म्हणजे एच-१. कोपऱ्यात लाल रंगात एनआरएक्स लिहिलं असेल तर औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. अशी बाटली शेजाऱ्याला देणं म्हणजे उसनी साखर देणं नव्हे.

रक्तदाबासाठी रॅमिप्रिल सुरू होऊन चार महिने झाले. दोन महिने कोरडा खोकला आहे, घशात सतत खवखव. तीन बाटल्या संपल्या, फरक नाही.
*देवास*

तुमच्या बाटल्यांचा दोष नाही, बहुधा गोळीचा आहे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल ही एकाच घराण्यातली औषधं. त्यांच्यामुळे श्वासमार्गात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य साचतं आणि ते घशाला सतत गुदगुल्या करत राहतं. खोकला गोळी सुरू झाल्यावर आठवड्यात येतो किंवा काही महिन्यांनीही, म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही. तो कोणत्याही सिरपने जात नाही. गोळी बदलल्यावर बहुतेकांना एक ते चार आठवड्यांत आराम पडतो, काहींना तीन महिनेही लागतात. डॉक्टर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी दुसऱ्या घराण्यातली गोळी देतील. तोपर्यंत रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने सोडू नका. खोकल्याने कोणाला पक्षाघात होत नाही, चढलेल्या रक्तदाबाने होतो. सर्दी-खोकल्याच्या मिश्रणांत फिनाइलेफ्रिन असेल तर तेही टाळा, त्याने रक्तदाब वाढतो.

पण गोळीवर सगळा आळ घालण्यापूर्वी एक तपासणी करायलाच हवी. दोन आठवड्यांवर खोकला टिकला की थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. इंदुरात मनोरमाराजे क्षय रुग्णालय आहे, देवासच्या जिल्हा रुग्णालयातही ही सोय आहे. १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येतं. संध्याकाळचा ताप, वजन घटणं किंवा थुंकीत रक्त असेल तर या आठवड्यातच. खोकला दाबणाऱ्या बाटल्या एकामागून एक घेत राहण्याचं मोठं नुकसान हेच: खोकला गप्प बसतो, आजार आत वाढत राहतो आणि घरातल्यांनाही लागतो.

डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या आहेत. एक कफासाठी, एक ढास थांबवायला. दोन्ही एकदम घेतल्या तर लवकर बरं वाटेल ना?
*छत्रीपुरा, इंदूर*

नाही, त्या एकमेकींच्या विरुद्ध काम करतात. अँब्रॉक्सोल आणि ग्वायफेनेसिन असलेली बाटली बेडका पातळ करून वर आणते. ढास थांबवणारी बाटली खोकलाच बंद करते, मग तो सुटलेला कफ बाहेर कसा येणार? तो छातीत साचतो. डॉक्टरांच्या मनात बहुधा पहिली दिवसा आणि दुसरी फक्त झोपताना असं असेल. पर्चीवर टीडीएस म्हणजे तीन वेळा, बीडी म्हणजे दोन वेळा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एसओएस म्हणजे वाटेल तितक्या वेळा नव्हे. दोन मात्रांत किमान किती तास हवेत ते विचारून बाटलीवर पेनने लिहा. पहिल्या बाटलीत श्वासनळ्या सैल करणारं लेव्होसाल्ब्युटामॉल असेल तर हात थरथरणं, छातीत धडधड होऊ शकतं. हृदयविकार असेल तर आधी सांगा.

मी मनाच्या आजारासाठी एस्सिटालोप्राम घेते. खोकल्याच्या डॉक्टरांना ते सांगितलं नाही. त्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप दिलं. दुसऱ्या दिवसापासून घाम, हात कापणं, जुलाब, बेचैनी.
*नाव-गाव नको*

सिरप थांबवा, एस्सिटालोप्राम थांबवू नका आणि दोन्ही डॉक्टरांपैकी जे आज भेटतील त्यांना हे सगळं सांगा. दोन्ही औषधं मेंदूत सेरोटोनिन वाढवतात. एकत्र आली की ते प्रमाणाबाहेर जाऊ शकतं, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं त्याच जातीची आहेत. ताप चढला, पाय आपोआप झटके देऊ लागले, अंग ताठरलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर तातडीच्या विभागात जा.

फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन या याच प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी जपावं. ही औषधं डेक्स्ट्रोमेथॉर्फन शरीराबाहेर काढणारं विकरच अडवतात. फ्लुओक्सेटीनचा परिणाम गोळी बंद केल्यावरही काही आठवडे राहतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी लिनेझोलिड चालू असेल तर तिथेही हा धोका आहे.

सांगितलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. आपल्याकडे मनाच्या आजाराची गोळी अजून लपवून घ्यावी लागते. पण सांगायला संकोच वाटत असेल तर गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. बोलावं लागत नाही.

आजीला खोकल्यासाठी मऊ, गोल कॅप्सूल दिल्या आहेत, बेन्झोनाटेट. गिळता येत नाहीत म्हणून फोडून दुधात देऊ का?
*नंदलालपुरा, इंदूर*

मुळीच नाही. आतलं द्रव्य सुन्न करणारं आहे. कॅप्सूल तोंडात फुटली तर जीभ आणि घसा बधिर होतो, मग घोट चुकीच्या नळीत जाऊन गुदमरायला होतं. चुकून चावली गेली तर बधिरपणा जाईपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका. गिळणं जमतच नसेल तर औषध बदलून घ्या. आणि या कॅप्सूल गोळ्या-चॉकलेटांसारख्या दिसतात. लहान मूल घरात असेल तर कुलपात ठेवा, एक-दोन कॅप्सूलनेही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

मुलगा भंवरकुआंजवळ खोली घेऊन परीक्षेची तयारी करतो. खोलीत खोकल्याच्या औषधाच्या अकरा रिकाम्या बाटल्या सापडल्या. ओरडावं की पोलिसांत जावं?
*धार*

दोन्ही नको. आधी बसून विचारा: किती दिवसांपासून, रोज किती बाटल्या, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या आहेत का. ही माहिती डॉक्टरांना लागणार आहे. रोज घेत असेल तर खोलीतून बाटल्या उचलून आजपासून बंद असं म्हणू नका. कोडीन एकदम तुटलं की सतत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, हातपाय फुटणं, जुलाब, झोप उडणं हे सगळं येतं. त्या त्रासात मूल पुन्हा त्याच दुकानाकडे वळतं. काही दिवस सुटल्यावर पूर्वीइतकंच प्यायलं तर अधिकच धोका, कारण मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते.

हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात न्या. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतक्रमांक १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. काही दिवस तरी त्याला एकटं झोपू देऊ नका. आणि परीक्षा या वर्षी राहिली तर राहू द्या.

उरलेलं औषध मोरीत ओतावं का?
*पलासिया, इंदूर*

नको. शहराच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. मुदत संपलेली औषधं त्यात जातात, ओल्या-सुक्यात नाही. बाटलीवरचं रुग्णाचं नाव खरवडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली वेगळ्या पिशवीत द्या. गाडी येईपर्यंत ती ओट्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात राहू देऊ नका, उंच कपाटात ठेवा. उपचाराचे पाच दिवस संपले त्याच दिवशी हे करा. घरात उरलेले ते २५ मिली पुढच्या खोकल्याला कोणाच्या तरी हाती लागतातच.